जवसाचं तेल: घाण्यावर, प्रयोगशाळेत आणि कॅप्सूलमध्ये किती पैसे पडतात?

एक किलो जवस लाकडी घाण्यात टाकला की साधारण ३०० ते ३२० ग्रॅम तेल हाती येतं. बाकीची ढेप आणि थोडी घट. हा एक आकडा ध्यानात ठेवला तर जवसाच्या तेलाच्या बाजारात तुमची सहसा फसगत होणार नाही. बाटलीवरची किंमत रास्त आहे का, घाणेवाला बरोबर तेल देतो आहे का, साठ कॅप्सूलच्या डबीत खरं तेल किती, ही सगळी गणितं याच आकड्यापासून सुरू होतात.

विदर्भात जवस नवा नाही. भाकरीबरोबर जवसाची चटणी आणि भाजीला जवसाचं तेल अनेक घरांत पिढ्यानपिढ्या होतं. मधल्या काळात ते मागे पडलं आणि आता ‘ओमेगा-३’ या नावानं शहरातल्या औषधांच्या दुकानातून परत येत आहे. मागणी वाढली तसे पर्यायही वाढले: स्वतः बी नेऊन घाण्यावर तेल काढून घ्या, सीलबंद बाटली घ्या, नाहीतर कॅप्सूल घ्या. पर्यायागणिक खर्च बदलतो आणि फायदाही. तो खर्च इथे रुपया-पैशांत मांडला आहे.

हिशेबात जिथे बाजारभाव लागतात तिथे ते मी धरून चाललो आहे आणि तसं त्या जागी लिहिलं आहे. तुमच्या गावचे भाव घालून तेच गणित पुन्हा करा. पद्धत बदलत नाही.

आधी या तेलाचा स्वभाव ओळखा

जवसाच्या तेलाचा साधारण निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. वनस्पतीत मिळणारं ओमेगा-३ ते हेच. त्याच्यासाठी आपण पैसे मोजतो, आणि तेल लवकर बिघडतं तेही त्याच्यामुळेच. हवा लागली, ऊन लागलं, उष्णता मिळाली की हे आम्ल प्राणवायूशी चटकन संयोग पावतं. चित्रकार रंग कालवायला जवसाचं तेल वापरतात ते याच कारणानं, कारण पातळ थरात हवेवर ते वाळून कडक होतं. ज्या गुणामुळे चित्रावरचा रंग पक्का होतो, त्याच गुणामुळे स्वयंपाकघरातली बाटली खवट होते.

यातून खरेदीचा पहिला नियम निघतो. शेंगदाण्याच्या तेलाचा १५ किलोचा डबा भरून ठेवण्याची सवय इथे चालत नाही. जवसाचं तेल थोडं घ्यावं, ताजं घ्यावं आणि लवकर संपवावं.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या आहेत. रंगाच्या दुकानात मिळणारं बेलतेल जवसाचंच असतं, पण ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची संयुगं घातलेली असतात. ते कधीही पोटात जाता कामा नये. दुसरी गोष्ट, जवसाचं तेल पुसलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून ठेवू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. गाळणीचं फडकं लगेच साबणानं धुवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

घाण्यावर तेल काढून घेताना

दहा किलो बी उखळात पडतं आणि लाट फिरू लागते. सुरुवातीला नुसता कोरडा चुरा फिरतो. मग चुरा गडद होतो, लाटेला चिकटू लागतो, त्याच्या कडा ओलसर चमकतात. थोड्या वेळानं खालच्या भोकातून तेलाची बारीक धार सुरू होते. हे तेल गढूळ, सोनेरी-पिवळं असतं. त्याला कच्च्या जवसाचा, जरासा गवतासारखा वास येतो. हात लावला तर कोमट लागतं. चटका बसण्याइतकं गरम लागलं तर घाणा फार वेगात चालतो आहे किंवा एकच घाण (एका वेळी टाकलेलं बी) जास्त वेळ फिरवला जातो आहे. तेल घरी आणून काचेच्या भांड्यात झाकून तीन-चार दिवस अंधारात निवळू द्यायचं आणि वरचं नितळ तेल बाटल्यांत भरायचं.

आता दहा किलोचा हिशेब. धरलेले दर असे: निवडलेला जवस १२० रुपये किलो, गाळपाची मजुरी किलो बियांमागे २० रुपये, ढेप ३० रुपये किलो.

- जवस १० किलो: १,२०० रुपये
- गाळपाची मजुरी: २०० रुपये
- अर्ध्या लिटरच्या गडद काचेच्या ६ बाटल्या: १८० रुपये
- जाण्यायेण्याचा खर्च: १०० रुपये
- एकूण: १,६८० रुपये
- वजा साडेसहा किलो ढेपेचे: १९५ रुपये
- निव्वळ खर्च: १,४८५ रुपये

गाळ जाऊन नितळ तेल मिळतं साधारण ३ लिटर. म्हणजे लिटरला ४९५ रुपये. ढेप घाण्यावरच सोडून दिली तर हाच आकडा ५६० होतो. ढेपेचा प्रश्न छोटा वाटतो, पण लिटरमागे ६५ रुपयांचा आहे.

एक अडचण खरी आहे. मोठ्या घाण्यात तीन-चार किलोचा घाण नीट बसत नाही, आणि दहा किलो जवसाचं तेल एका घराला वेळेत संपत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे तीन घरांनी मिळून एक घाण टाकावा. प्रत्येकाला एक लिटर येतं. चार माणसांच्या घरात रोज माणशी एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर वापरलं तर एक लिटर ५० दिवस पुरतं. फ्रीजमध्ये ठेवलेल्या तेलाला इतका काळ योग्य आहे.

घाणेवाल्याला विचारायचे सहा प्रश्न

१. मजुरी बियांच्या वजनावर की तेलाच्या? बियांच्या वजनावर असेल तर बी तुमच्यासमोर तोललं जावं. काट्यावर वैधमापन विभागाचा मुदतीतला शिक्का आहे का, तेही पाहा.

२. ढेप कोणाची? काही ठिकाणी ढेप घेऊन मजुरी माफ करतात. वरच्या हिशेबात मजुरी २०० आणि ढेप १९५ आहे, म्हणजे हा सौदा बरोबरीचा आहे. ढेप ठेवूनही पूर्ण मजुरी मागितली तर मात्र नाही म्हणा.

३. आधी कोणता घाण काढला? उखळात आणि लाटेवर आधीच्या बियांचं तेल उरतं. घरात कुणाला शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर हा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे.

४. पाणी किती मारता? तेल सुटावं म्हणून घाण्यात थोडं पाणी शिंपडण्याची पद्धत जुनी आहे. पाणी जास्त झालं तर ते तेलात राहतं आणि तेल लवकर उतरतं.

५. मी घाण संपेपर्यंत उभा राहिलो तर चालेल का? चांगला घाणेवाला याला कधी नाही म्हणत नाही.

६. दर किलोचा की लिटरचा? जवसाचं एक लिटर तेल साधारण ९३० ग्रॅम भरतं. ‘५०० रुपये’ हा दर लिटरचा असेल तर किलोला सुमारे ५३८ रुपये पडतात. दोन घाण्यांचे दर ताडून पाहताना माप एकच धरा.

बी नेण्याआधी ते निवडून, दोन दिवस ऊन दाखवून न्या. हाताला ओलसर लागणारं किंवा दमट वास येणारं बी नेऊ नका. बुरशीची चव घाण्यात जात नाही. शेंगदाण्याच्या बाबतीत तर काळे पडलेले, कुबट दाणे वेचून टाकायलाच हवेत. त्यांवरची बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते, आणि घाण्याच्या तेलावर रिफायनिंगची प्रक्रिया होत नसल्यानं ते काही प्रमाणात तेलात उतरू शकतं.

तयार बाटलीचा भाव कसा पडताळायचा

बियांच्या भावानं तेलाचा भाव तपासा. एक लिटर तेलाला किती बी लागतं ते पाहा, त्याला बियांच्या भावानं गुणा, की तेलाचा निव्वळ कच्च्या मालाचा खर्च कळतो. घाण्यावरच्या तेलासाठी ढोबळ प्रमाण असं:

- जवस: ३ ते ३.३ किलो
- शेंगदाणे: २.२५ ते २.५ किलो
- तीळ: २.२५ ते २.५ किलो
- करडई (टरफलासह): ३.५ ते ४ किलो

जवसाचा भाव १२० रुपये असेल तर एका लिटरला ३६० ते ४०० रुपयांचा नुसता जवस लागतो. ढेपेचे पैसे सुटतात, पण मजुरी, बाटली, वाहतूक, दुकानदाराची कमाई त्यावर चढते. अशा वेळी ‘लाकडी घाण्याचं शुद्ध जवस तेल, ३०० रुपये लिटर’ अशी पाटी दिसली तर ते तेल त्या भावात निघूच शकत नाही.

जवसाला केंद्राचा हमीभाव नाही, त्यामुळे इथे स्थानिक बाजार समितीचा भावच धरावा लागतो. करडई, भुईमूग, तीळ यांना हमीभाव आहे आणि पडताळ्यासाठी तो चांगला आधार आहे. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला ५,९४० रुपये होता. चार किलोंचे झाले २३८ रुपये, तेही नुसत्या बियांचे. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी भुईमूग शेंगांचा हमीभाव ७,२६३ रुपये होता. क्विंटलभर शेंगांतून ७० किलो दाणे धरले तर दाणे किलोला १०४ रुपये पडतात, आणि लिटरभर तेलाला सुमारे २५० रुपयांचे दाणे. याहून खालच्या भावात ‘घाण्याचं तेल’ विकणाऱ्याला बिल मागा आणि बी कुठलं ते विचारा.

बाटली घेताना लेबलवर पाच गोष्टी असायलाच हव्यात: उत्पादकाचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख, ती कधीपर्यंत वापरायची ती मुदत, आणि निव्वळ प्रमाण. सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं बंदी आहे, राज्यानं सूट दिली असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःचं बी नेऊन तेल काढून घेणं ही सेवा आहे, ती या बंदीत येत नाही. ही बंदी उगाच घातलेली नाही. १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलानं जलशोथाची साथ आली आणि साठहून अधिक माणसं दगावली. तेल कुठून आलं हे माहीत असणं किती मोलाचं आहे, ते त्या साथीनं दाखवलं.

तपासणी: कोणती करायची, कधी करायची

घरी जे करता येतं ते आधी करा. थेंबभर तेल जिभेवर ठेवा. ताज्या तेलाची चव जवसाची, किंचित तुरट असते. जीभ कडू झाली, घशात खवखवलं, किंवा नव्या रंगवलेल्या दारासारखा वास आला तर ते तेल परत करा. दुसरी चाचणी फ्रीजची. छोट्या पारदर्शक बाटलीत तेल रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवा. जवसाचं तेल तिथे गोठत नाही. तळाशी थोडा गाळ बसला तर काळजी नको. पण पांढरट घट्ट थर जमला तर पामतेलासारखं काहीतरी मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्यावी. सोयाबीनची भेसळ मात्र या चाचणीत सापडत नाही.

प्रयोगशाळेत चार चाचण्या उपयोगाच्या आहेत.

आम्लांक. तेलात सुटी आम्लं किती झाली ते यातून कळतं. बी जुनं, ओलं किंवा बुरशीचं असेल तर हा आकडा चढतो. तोललेल्या तेलात अल्कोहोल आणि फिनॉल्फथॅलिनचे थेंब घालतात, वरून ब्युरेटमधून क्षार थेंबाथेंबानं सोडतात. शेवटच्या थेंबाला फिकट गुलाबी रंग येतो आणि टिकतो. किती क्षार लागला त्यावरून आकडा काढतात. जवसाच्या खाद्यतेलासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४ आहे.

पेरॉक्साइड अंक. तेलावर हवेचा परिणाम कितपत झाला ते हा आकडा सांगतो. घाण्याच्या, रिफाइन न केलेल्या तेलांसाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात किलोमागे १५ मिलिइक्विव्हॅलंट ही वरची मर्यादा आहे. जवसाच्या तेलासाठी सर्वांत आधी करायची चाचणी हीच.

आयोडीन अंक. तेल किती असंतृप्त आहे याचं हे माप. जवसाच्या तेलाचा आयोडीन अंक किमान १७० असावा लागतो. सोयाबीनचा १३० च्या आसपास असतो, शेंगदाण्याचा ८५ ते ९९.

मेदाम्लांचं पृथक्करण. यंत्रावर तेलातलं प्रत्येक मेदाम्ल वेगळं मोजतात. ही चाचणी महाग असते, पण भेसळ पकडायला तीच खरी. उदाहरण घ्या. १८५ आयोडीन अंकाच्या जवसाच्या तेलात चौथा हिस्सा सोयाबीनचं तेल मिसळलं तरी मिश्रणाचा अंक १७१ येतो, म्हणजे नियमात बसतो. पृथक्करणात मात्र ते उघडं पडतं. जवसाच्या तेलात लिनोलेइक आम्ल १५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि सोयाबीनच्या तेलात ५० च्या वर. मिसळ केली की हा आकडा फुगतो.

आता पैसे. दर प्रयोगशाळेगणिक बदलतात, म्हणून आधी दरपत्रक मागवा. हिशेबासाठी आम्लांकाचे ४००, पेरॉक्साइडचे ५००, आयोडीनचे ५०० आणि पृथक्करणाचे २,५०० रुपये धरू. चारही केल्या तर ३,९०० रुपये.

घरच्या तीन लिटर तेलासाठी नुसत्या पहिल्या दोन चाचण्या केल्या तरी लिटरमागे ३०० रुपये वाढतात. बी स्वतः निवडलेलं आणि घाण समोर निघालेला असेल तर हा खर्च करू नका. बचतगट ५० लिटरची खेप काढत असेल तर त्याच दोन चाचण्यांचे लिटरला १८ रुपये पडतात. तो खर्च दर खेपेला करावाच. आणि हंगामातलं सगळं बी एकाच ठिकाणाहून घेऊन ३०० लिटर काढणार असाल तर चारही चाचण्या हंगामाच्या सुरुवातीला एकदा करून घ्या. लिटरला फक्त १३ रुपये येतात आणि हातात दाखवायला अहवाल असतो.

प्रयोगशाळा निवडताना ती एफएसएसएआयनं अधिसूचित केलेली किंवा एनएबीएलची मान्यता असलेली आहे, आणि ती मान्यता खाद्यतेलाच्या त्याच चाचणीसाठी आहे, हे विचारा. नमुना गडद काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, गाळपाची तारीख लिहा आणि शक्य तितक्या लवकर पोचवा. अर्धी रिकामी बाटली घेऊन चार दिवसांनी गेलात तर अहवाल तुमच्या हलगर्जीपणाचा येईल, तेलाचा नाही.

दुकानातून घेतलेल्या तेलाबद्दल शंका असेल तर अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ चं कलम ४० ग्राहकाच्या बाजूनं आहे. शुल्क भरून कोणताही ग्राहक अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. अट एकच, खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. माल कायद्याला धरून नाही असं निघालं तर शुल्क परत मिळतं.

कॅप्सूल: आपण कशाचे पैसे देतो?

मऊ कॅप्सूल करण्याची पद्धत १९३० च्या दशकापासून मूळ तत्त्वात फारशी बदललेली नाही. जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी यांच्या दोन पातळ पट्ट्या समोरासमोर फिरणाऱ्या साच्यांमधून येतात. त्या जुळता जुळता मधल्या खोलगटात ठरलेलं तेल सोडलं जातं आणि कडा दाबून बंद होतात. मग कॅप्सूल कमी दमट हवेत वाळवतात. यातून ग्राहकाला तीन गोष्टी मिळतात: मात्रा नेमकी मोजलेली, तेलाला हवा कमी लागते, आणि चवीचा प्रश्न राहत नाही.

पण लेबल नीट वाचा. ‘१००० मिलिग्रॅम’ हा आकडा सहसा तेलाचा असतो, ओमेगा-३ चा नाही. त्यातलं अल्फा-लिनोलेनिक आम्ल ५०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. हा दुसरा आकडा डबीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो, आणि दोन ब्रँडची तुलना त्याच्यावरच करायची.

शाकाहारी कुटुंबांनी हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय डबी घेऊ नये. बी वनस्पतीचं असलं तरी जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून होतं. स्टार्च आणि समुद्रशेवाळापासून केलेलं शाकाहारी कवच मिळतं, पण ते सहसा महाग पडतं.

डबी फोडल्यावर एक कॅप्सूल ब्लेडनं कापून तिचा वास घ्या. कवचामुळे खवटपणा जिभेला कळत नाही, म्हणून ही एक कॅप्सूल खर्ची घालावीच. रंगासारखा वास आला तर बिलासह डबी परत करा.

आता तुलना. साठ कॅप्सूलची डबी ४८० रुपयांना धरली तर एक कॅप्सूल ८ रुपयांना पडते. घरी वाटलेल्या चटणीचा जवस १२० रुपये किलोचा आणि तेल ४९५ रुपये लिटरचं, हे दर वरचेच.

- जवसाची पूड १० ग्रॅम: खर्च १ रुपया २० पैसे, ओमेगा-३ सुमारे २.२ ग्रॅम
- घाण्याचं तेल ५ मिलिलिटर: खर्च अडीच रुपये, ओमेगा-३ सुमारे २.४ ग्रॅम
- कॅप्सूल एक: खर्च ८ रुपये, ओमेगा-३ सुमारे अर्धा ग्रॅम

म्हणजे एका छोट्या चमच्यातलं तेल कॅप्सूलमधून घ्यायचं तर साडेचार-पाच कॅप्सूल लागतात आणि सुमारे ३७ रुपये खर्च होतात. महिन्याचा हिशेब मांडला तर माणशी चटणीचे ३६ रुपये, तेलाचे ७५ रुपये आणि रोज दोन कॅप्सूल घेतल्या तर ४८० रुपये. या ४८० रुपयांत रोजचं ओमेगा-३ मात्र एकच ग्रॅम. पुडीत शिवाय तंतू आणि प्रथिनं मिळतात, ती तेलात आणि कॅप्सूलमध्ये नसतात.

कॅप्सूल योग्य कुणासाठी? जे सतत प्रवासात असतात, ज्यांना जवसाची चव अजिबात सोसत नाही, किंवा ज्यांना डॉक्टरांनी मोजून मात्रा दिली आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी माशाच्या तेलाची कॅप्सूल लिहून दिली असेल तर तिच्या जागी जवसाची परस्पर घेऊ नका. माशाच्या तेलातली मेदाम्लं वेगळी असतात आणि जवसातल्या ओमेगा-३ पासून शरीर ती फार थोडी बनवतं.

घरी आणल्यावर

- तेल छोट्या, गडद बाटल्यांत काठोकाठ भरा. एक उघडली की ती संपवून मगच दुसरी उघडा.
- बाटली फ्रीजमध्ये ठेवा, गॅसजवळच्या फळीवर नको.
- तळणीला हे तेल वापरू नका. घाण्याचं जवस तेल १०७ अंशांच्या आसपासच धूर सोडू लागतं. वरणावर, भाकरीबरोबर, चटणीवर, उकडलेल्या भाजीवर कच्चंच घ्या.
- बी अख्खं असेल तर बरेच महिने टिकतं. पूड मात्र आठवड्यापुरतीच करा. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून मग वाटा.

बचतगटांनी आणि छोट्या उद्योजकांनी

तेलाची बाटली विकणं आवाक्यातलं आहे. कॅप्सूलचा विचार मात्र पूर्ण गणित करून करा. दुसऱ्याच्या कारखान्यात कॅप्सूल भरून घ्यायच्या तर किमान मागणी सहसा लाखाच्या घरात असते. हजार मिलिग्रॅमच्या एक लाख कॅप्सूलना १०० किलो तेल लागतं, म्हणजे सव्वातीन क्विंटल जवस. त्यावर भरणावळ, साचा, डब्या, तपासण्या आणि मुदतीच्या आत सगळा माल विकण्याची जोखीम. कॅप्सूल हा आरोग्यपूरक पदार्थ ठरतो, त्याला वेगळे विनियम लागू होतात, आणि लेबलवर तो औषधी वापरासाठी नाही असं छापावं लागतं. हातानं भरायच्या दोन तुकड्यांच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये तेल भरून विकण्याच्या फंदात पडू नका. कडेला पट्टी मारून बंद केल्याशिवाय त्या गळतात.

तांत्रिक सल्ल्यासाठी दूर जायची गरज नाही. नागपूरची १९४२ साली स्थापन झालेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (आता विद्यापीठ) आणि मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, दोन्हीकडे तेल तंत्रज्ञान शिकवलं जातं. अकोला, परभणी, राहुरी इथल्या कृषी विद्यापीठांत तेलबियांवर काम चालतं. बी कोणत्या वाणाचं घ्यावं इथपासून सुरुवात तिथे करता येईल.

फसवणूक झाली तर

बिल, बाटली आणि उरलेलं तेल जपून ठेवा. भेसळीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. वजन-माप, जास्त दर किंवा परताव्याची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही.

माझा निष्कर्ष सरळ आहे. घरात जवस खायचा असेल तर पहिला रुपया चांगल्या बियांवर खर्च करा, कारण ३६ रुपयांत महिनाभराची चटणी होते. तेल हवं असेल तर शेजारच्या दोन घरांना बरोबर घ्या, घाण्यावर उभं राहून काढा आणि ५० दिवसांत संपवा. विकणाऱ्यानं तपासणीवर कंजुषी करू नये. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर गरज पडेल तेव्हा, लेबल उलटून वाचून घ्या. येत्या रविवारी घाण्यावर जाणार असाल तर एक कागद खिशात ठेवा. त्यावर बी किती किलो, तेल किती ग्रॅम, ढेप किती किलो एवढं लिहून आणा. किलोमागे ३०० ग्रॅम भरलं तर घाणेवाला प्रामाणिक आहे, पुढच्या वेळीही त्याच्याकडेच जा.